चिमणीला अस्तर

मराठी भाषेत एका शब्दाच्या डोक्यावर तीन संसार आहेत. शब्द आहे चिमणी. एक चिमणी अंगणात दाणे टिपते, दुसरी रॉकेलवर जळते आणि तिसरी छपरातून मान वर काढून धूर सोडते. आमच्या वसईच्या घरात एके काळी ह्या तिघी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. पहिलीने तिसरीत घरटे बांधले होते आणि ते आम्हाला दुसरीच्या उजेडात सापडले होते.

आता दुसरी माळ्यावर गेली आहे. पहिलीसाठी नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० सालापासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात. चांगली गोष्ट आहे. तिसरीचा मात्र कुणी दिवस पाळत नाही. ती आहे की गेली ह्याचीच कुणाला खबर नसल्यामुळे तिचे दिवस घालावेत असेही कुणाला वाटत नाही.

अलीकडे ह्या घराण्यात चौथी चिमणी आली आहे. ती विजेवर चालते. माझ्या मुलाने विरारला फ्लॅट घेतला तेव्हा गॅसच्या शेगडीच्या डोक्यावर एक काळे, चकचकीत, तिरपे असे काहीतरी बसवले आणि मला म्हणाला, "बाबा, ही चिमणी. स्वतःची स्वतः साफ होते." मी खाली वाकून पाहिले. शेगडीची निळी ज्योत शांतपणे जळत होती. मोहरी तडतडली तेवढाच काय तो धूर. तेवढ्यासाठी ती मोटार अशी घरघरली की फलाटावरून विरार फास्ट गेल्यासारखे वाटले. किंमत ऐकल्यावर मला ठसका लागला. त्या घरात त्या दिवशी लागलेला तो एकमेव ठसका.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे, आणि ते मी लग्नकार्यात, लोकलमध्ये आणि केशकर्तनालयात न विचारता देत असतो. आपल्या देशात जिथे धूर नाही तिथे चिमणी आहे, आणि जिथे धूर आहे तिथे आई आहे.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती ह्या घरात आली आणि आल्या दिवशी तिला जे आसन दिले ते चुलीपुढचे. घर वाडीतले, कौलारू. पुढे स्वयंपाकघर, त्यात गॅस. मागच्या पडवीत चूल. गॅस आला तेव्हा चूल जाणार असे सगळ्यांनी ठरवले होते. फक्त माडांना कुणी कळवले नाही. ते झावळ्या टाकीतच राहिले. झावळी पडते, पोय पडते, नारळ सोलला की सोडण पडते, खवला की करवंटी उरते. हे सगळे फुकट आणि रोज दारात. सिलिंडर काही माडावरून पडत नाही. त्यामुळे आंघोळीचे पाणी, मोठ्या टोपातला भात, गणपतीतले मोदक आणि आईची तांदळाची भाकरी ह्या गोष्टी अजून मागच्या पडवीतच होतात. ज्याच्या अंगणात दहा माड आहेत त्याला चूल सोडायला सांगणे म्हणजे विहीर असलेल्याला टँकर मागवायला सांगण्यासारखे आहे.

आणि चुलीला चिमणीही होती बरे का! वडिलांनी ती १९८५ साली बांधून घेतली. विटांची, चौकोनी, आतून नऊ इंच बाय नऊ इंच, वर सिमेंटची टोपी आणि टोपीवर फुलाची नक्षी. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. तिच्यात एकच दोष होता. तिच्यातून धूर जात नसे.

ह्यावर गेल्या चाळीस वर्षांत आमच्या घरी जेवढी तज्ज्ञ मंडळी आली तेवढी एखाद्या आयोगापुढेही येत नसतील. शेजारचे मास्तर म्हणाले, समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, तो धूर खाली ढकलतो. एक पाहुणे म्हणाले, चुलीचे तोंड चुकीच्या दिशेला आहे. बांधणारा मिस्त्री म्हणाला, "चिमणी एक नंबर आहे. तुमची लाकडं ओली." वडील म्हणाले, "नव्या वस्तूला रुळायला वेळ लागतो." चिमाजी आप्पांच्या फौजांनी १७३९ साली वसईचा किल्ला काही महिन्यांच्या वेढ्यात घेतला. आमच्या चिमणीचा वेढा चाळीस वर्षे चालू होता आणि किल्लेदार आतून धूर सोडीत होता.

ह्या सगळ्या काळात जी बाई त्या चिमणीखाली दिवसातून तीन तास बसत होती तिला कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही. हे वाक्य लिहायला मला सोपे गेले नाही, पण लेख दुसऱ्यांना झोडपण्यासाठी लिहायचा असेल तर पहिली काठी स्वतःच्या पाठीवर पडलेली बरी.

गेल्या पावसाळ्यात आईचा खोकला फारच वाढला. डॉक्टरांकडे नेले. तरुण डॉक्टर, नवा दवाखाना. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि जरा अवघडून विचारले, "आजी, विडी ओढता का? किंवा पूर्वी ओढत होता?"

आई म्हणाली, "मी कशाला ओढू? ओढायचा तो चिमणीनं. ती ओढत नाही, म्हणून मला ओढावा लागतो."

डॉक्टर हसले. मीही हसलो. मग डॉक्टर हसायचे थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात तपासणीची फी वसूल झाली.

घरी आल्यावर मी प्रथमच चुलीपुढे पाट घेऊन बसलो आणि आईला विचारले, "ही चिमणी ओढत का नाही?"

"ओढते की," आई म्हणाली. "तासाभरानं ओढते. भिंत तापली की. तोवर माझा स्वयंपाक झालेला असतो. पावसात अजिबात ओढत नाही. मागचं दार लावलं की नाही. आणि मध्ये कावळ्यानं काटक्या टाकल्यापासून तर तेवढंही नाही."

"मग काय करायला पाहिजे?"

तिने न्हाणीकडे बोट केले. तिथे आमचा जुना तांब्याचा बंब उभा आहे. "बंब बघ. त्याची नळी केवढीशी, आणि कसा भसाभसा ओढतो. ह्या धूडात तसली नळी घाल."

मी पुस्तके चाळली. त्यांत जे बत्तीस पाने वाचून कळले ते आईने दोन वाक्यांत सांगितले होते. धूर वर जातो तो त्याच्या गुणामुळे नव्हे, गरमीमुळे. नळी जितकी उंच आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जितकी गरम तितकी ओढ जास्त. आमची चिमणी नऊ बाय नऊ, म्हणजे एक्याऐंशी चौरस इंच. चार इंची गोल नळीचे तोंड असते साडेबारा चौरस इंचांच्या आसपास. आमच्या धुराला सहापटींहून अधिक जागा मिळत होती. आता दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये प्रवासी काय करतो? पाय पसरतो, पेंगतो, उतरायचे विसरतो. धुरानेही तेच केले. त्या ऐसपैस विटांच्या खोलीत तो रेंगाळला, गार पडला, आणि गार पडला की तो धूर राहत नाही, त्याचे काळे चिकट डांबर होऊन भिंतीला बसते. भोक आणखी खडबडीत, ओढ आणखी कमी. उरलेला धूर आल्या वाटेने परत. सकाळच्या विरार लोकलच्या दारात मात्र कुणी रेंगाळत नाही. मागचा पुढच्याला ढकलतो. अरुंद, गुळगुळीत आणि गरम नळीत धुराची ही अवस्था होते. थंड देशांत जुन्या चिमण्यांच्या आत अशी नळी सोडतात. तिला ते लायनर म्हणतात. आपल्याकडे कोटाच्या आत असते ते. अस्तर.

आमच्या तांबटांना हे कधीपासून ठाऊक होते. बंबात मधोमध नळी, खाली निखारे. पण बंब तांबट करतो आणि चिमणी गवंडी बांधतो, आणि दोघांनी एकमेकांना विचारायचे नाही हा आपला जुना शिष्टाचार आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "चिमणीला अस्तर लावायचंय."

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिले. "काका, शिंप्याचं दुकान पलीकडे."

"तसलं अस्तर नव्हे. चिमणीच्या आत नळी बसवायची आहे."

"किचन चिमणी ना? मग असं सांगा ना. तिचा पाइप आहे. चांदीसारखा दिसतो. अॅल्युमिनियमचा."

तो अॅल्युमिनियमचा कागदासारखा पाइप फोडणीच्या वाफेसाठी ठीक. चुलीच्या जाळावर तो एका गणपतीपुरताही टिकला नसता. मग मी मिस्त्री बोलावला. हे मिस्त्री मागच्या मिस्त्रींचे चिरंजीव. त्यांनी चिमणीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "पीव्हीसी टाकू. स्वस्तात होईल."

"अहो, वितळेल!"

"आत कोण बघतंय?"

वाचकहो, हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मला तुमच्याशी भांडायचे आहे ते ह्या वाक्यावरून.

पीव्हीसी रद्द केल्यावर ते सिमेंटच्या पत्र्याच्या पाइपावर आले. पूर्वी चुलींच्या चिमण्यांना सर्रास तोच वापरीत. पण त्यात अॅस्बेस्टॉस. त्याची कूस फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. आईची छाती वाचवायला तिच्या उशाशी तो कशाला उभा करायचा? गॅल्वनाइज्ड पत्रा म्हणाल तर आत धुराची आंबट ओल आणि बाहेर खारी हवा. वसईत दाराच्या कड्या गंजतात, त्याचे काय होणार? शेवटी स्टेनलेस स्टीलच ठरले, ३०४ नंबरचे. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने त्याचे दोन दोन फुटांचे गोल तुकडे वळून दिले. हिशेब पाहून सौ. म्हणाली, "अहो, एवढ्यात पुढच्या ओटीला टाइल्स झाल्या असत्या." पाच मिनिटांनी तीच म्हणाली, "राहू देत टाइल्स. टाइल्स काही खोकत नाहीत."

नळी घालण्याआधी जुनी चिमणी साफ करायची होती. वरून दोरीला काथ्याचा बोळा आणि वीट बांधून सोडली. आधी कावळ्याच्या काटक्या आल्या. मग चिमण्यांचे एक जुने घरटे, काळेठिक्कर. आणि मग काजळी येऊ लागली. पापुद्रे, ढेकळे, डांबराचे गोळे. अडीच घमेली भरली. आम्ही ती अंगणात ओतली आणि सगळे गोल करून बघत उभे राहिलो. मिस्त्री म्हणाले, "ह्याला एखाद दिवशी ठिणगी लागली असती तर वासे पेटले असते." ते खरे होते. पण मी दुसराच हिशेब करीत होतो. जो धूर वर गेला त्याची ही अडीच घमेली. आमच्या चिमणीतून वर जायचा त्याहून जास्त धूर खाली यायचा. मग खालची घमेली कुठे आहेत?

आई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "फेकू नका रे. माडाच्या बुडाशी टाका." आणि खोकली.

आता भांडणाला सुरुवात करतो.

लोक म्हणतात, चूल म्हणजे संस्कृती. म्हणू देत. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या पाहा. त्या 'चुलीवरचे'साठी चार पैसे जास्त देणारा गृहस्थ पंख्याखाली बसतो आणि बोटे चाटून म्हणतो, "धुराचा वास आहे, तोच खरा!" ज्या बाईने मागे तो वास डोळ्यांत घेऊन भाकऱ्या थापल्या तिला त्याने पाहिलेले नसते. आजीच्या चुलीवर गहिवरून लिहिणाऱ्यांचेही तेच. त्यांना आजीच्या हातची चव आठवते. आजीचे डोळे कसे होते ते विचारा. लाल होते. चुलीची चव तिच्यासमोर न बसणाऱ्यालाच लागते.

सरकारने काही केले नाही असे मात्र मी म्हणणार नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून 'मगन चूल' निघाली. हैदराबादेत एस. पी. राजू नावाच्या इंजिनिअरने पन्नाशीच्या दशकात बिनधुराच्या स्वयंपाकघराचा ध्यास घेतला. पुण्याला डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापलेल्या 'आरती' संस्थेने सुधारित चुलींवर पुष्कळ काम केले. आजोबा धोंडो केशव कर्वे बायकांना शाळेत घेऊन गेले आणि नातू त्यांच्या चुलीपर्यंत आला. ह्याला मी घराणे म्हणतो. आणि १९८३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला आणि तेवढ्यात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली.

बसवल्याची! ह्या क्रियापदात सगळे आले. चुली किती बसवल्या ते मोजले. किती चिमण्या तुंबल्या, किती पाइप तडकले, कौलांतून पाणी येते म्हणून किती जणींनी भोक बुजवले, हे मोजायला मागच्या दाराने कोण जाणार? ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी चिमणी असलेल्या मातीच्या चुली दिलेल्या घरांचा चार वर्षांपर्यंत माग ठेवला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फरक दिसेनासा झाला. कारण चिमणी साफ झाली नाही, चूल डागडुजीविना राहिली आणि हळूहळू वापरातूनही गेली. ह्यातल्या डुफ्लोबाईंना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले. पण "चिमणी साफ करायची कुणी?" हा प्रश्न नोबेलनंतरही तिथेच, कारण त्याचे उत्तर प्रत्येक घरात ओटीवर पेपर वाचत बसलेले असते.

धुराबद्दल कायदे होत नाहीत असेही नाही. फक्त धूर बाहेर दिसायला हवा. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि हॉटेलांच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितले. योग्यच केले. पण पावाच्या भट्टीचा धूर न्यायालयापर्यंत पोहोचतो आणि भाकरीच्या चुलीचा धूर पदरापर्यंतच पोहोचतो, ह्यालाही काहीतरी म्हणायला हवे. केर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच यंत्रे लावून धूर मोजला आणि १९८३ मध्ये तो छापला. म्हणजे चूल कार्यक्रम आणि हे मोजमाप एकाच वर्षीचे. त्याला चाळीस वर्षे उलटली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या धुराने २०२० साली जगात बत्तीस लाख माणसे मेली. त्यांतली दोन लाखांहून अधिक पाच वर्षांखालची मुले, म्हणजे आईच्या मांडीवरची.

साहेबाच्या देशात तरी फार निराळे होते असे समजू नका. तिथे चिमणी साफ करायला लहान मुलांना आत उतरवीत. लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने १७७५ मध्ये दाखवले की त्या काजळीने चिमणी साफ करणाऱ्यांना कर्करोग होतो. ती मुले आत उतरायची खऱ्या अर्थाने थांबली ती १८७५ च्या कायद्यानंतर. शंभर वर्षे! त्या शंभर वर्षांत काउंट रमफर्ड यांनी १७९६ मध्ये निबंध लिहून साहेबांच्या शेकोट्यांचे गळे अरुंद केले आणि दिवाणखान्यातला धूर थांबवला. दिवाणखान्याचा प्रश्न लगेच सुटला. चिमणीतल्या मुलाचा राहिला. "आत कोण बघतंय?" अहो, आत ती मुले बघत होती.

म्हणून माझे भांडण ह्या वाक्याशी आहे. आपली सगळी सुधारणा बाहेरून आहे. चिमणीला टोपी, टोपीला नक्षी. पुढच्या दाराला वार्निश आणि मागच्या दाराला पोते. कोटाचे कापड आपण दहा दुकाने फिरून घेतो आणि अस्तर शिंप्यावर सोडतो, पण अंगाला लागते ते अस्तर. धुराचेही तसेच. छपरावरची चिमणी लोकांसाठी असते, आतली नळी आईसाठी. बाईच्या छातीलाही आतून अस्तर असते आणि ते उसवले तर शिवून देणारा शिंपी कुठेही मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी बडबड कशाला? गॅस घ्या आणि चूल मोडा. तुमचे खरे आहे. छातीच्या दृष्टीने गॅस सर्वांत चांगला, आणि चिमणी कितीही ओढू लागली तरी ती धूर नाहीसा करीत नाही, घराबाहेर नेऊन सोडते, हेही मला मान्य आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत शेगड्या गेल्या. पण शेगडी एकदा येते आणि सिलिंडर पुन्हा पुन्हा विकत घ्यावा लागतो. झावळी मात्र फुकट पडत राहते. चूल मोडायचा हुकूम देण्याआधी सिलिंडर संपला त्या दिवशी त्या घरात काय पेटले ते जाऊन बघा. आणि जोवर एक जरी झावळी एका जरी चुलीत जळते आहे तोवर ती जाळणारीच्या डोक्यावर नीट ओढणारी नळी हवी. चौदा मजल्यांवर मोटार लावून फोडणीचा वास ओढणाऱ्या समाजाला हे जड नाही.

असो. नळी बसवायचा दिवस उजाडला.

तुकडे एकात एक घालायचे होते. मिस्त्रींनी वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा बसवायला घेतला. मी म्हणालो, "उलटं. वरच्याचं तोंड खालच्याच्या आत गेलं पाहिजे."

मिस्त्रींना माझी दया आली. "काका, कौलं कशी घालतात? वरचं खालच्यावर. नाहीतर पाणी आत जाईल. माझ्या बापानं अख्ख्या वसईची कौलं घातली."

मी पुस्तक दाखवले. त्यांनी बापाची आठवण आणखी एकदा सांगितली. पुस्तक आणि बाप ह्यांच्या भांडणात पुस्तक कधी जिंकत नाही. एवढ्यात आई मागून म्हणाली, "कौलावर पाऊस बाहेरून पडतो. ह्या नळीत गळणार ते आतून. धुराचं पाणी. जे आतून वाहतं त्याला आतून वाट द्या. नाहीतर सांध्यातून माझ्या भाकरीवर गळेल."

मिस्त्रींनी नळी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि वरचा तुकडा खालच्याच्या आत घातला. "आजी," ते म्हणाले, "तुम्ही १९८५ साली का नाही सांगितलंत?"

"तुझ्या बापानं विचारलं नाही."

वीट आणि नळी ह्यांच्यामधल्या जागेत भाताच्या तुसाची कोरडी राख भरली. तीत उष्णता अडकून राहते, म्हणून नळी गरम राहते. वरून पाणी जाऊ नये म्हणून पत्र्याने तोंड बंद केले. नळी कौलांच्या आढ्यापेक्षा दोन फूट वर नेली, म्हणजे समुद्राच्या वाऱ्याने तिला छपराच्या मागे गाठू नये. डोक्यावर टोपी आणि टोपीला जाळी, कारण पहिल्या चिमणीने तिसरीत पुन्हा संसार मांडायला नको. तिच्यासाठी पडवीत खोका टांगला आहे. आणि बुडाशी, चुलीच्या मागे, काजळी काढायला एक छोटे दार ठेवले. त्या दारावर मिस्त्रींचा हात चुनाथापीसकट गेला होता. "प्लास्टर करून टाकतो. दिसायला वाईट दिसतं." मी त्यांचा हात धरला. ते दार बुजले की ती चिमणी दोन वर्षांत पुन्हा वडिलांची चिमणी होणार. आमच्या घरात दिसायला वाईट अशी एक तरी वस्तू कामाची असू दे.

संध्याकाळी आईने चूल पेटवली. आधी एक सुकी पोय, मग झावळीचे तुकडे. आम्ही सगळे पडवीत उभे. धूर सवयीप्रमाणे चुलीच्या तोंडाशी आला, आईने सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि मान वळवली. मग तो धूर एकदम आत वळला. नळीत घूं घूं असा बारीक आवाज झाला आणि जाळ मागे झुकला. आईने एक डोळा उघडला. मग दुसरा. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "ते कॅलेंडर कुठल्या सालचं आहे रे?"

ते २००९ सालचे होते. ज्या वर्षी वसई-विरारची महानगरपालिका झाली त्या वर्षीचे. तिने कधी वाचलेच नव्हते.

खोकला गेला असे मी म्हणणार नाही. साठ वर्षांचा पाहुणा एका नळीने जात नाही. पण रात्री आता तो दोनदा येतो, पूर्वी रात्रभर मुक्काम असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ते छोटे दार उघडतो, नळीतून काथ्याचा बोळा फिरवतो आणि काजळी माडाच्या बुडाशी टाकतो. हे काम मी आईला किंवा सौ.ला करू देत नाही. मुलगा आला की त्यालाही बसवतो. त्याची चिमणी स्वतःची स्वतः साफ होते, त्याला हे शिकायची गरज आहे.

परवा तेच तरुण डॉक्टर रस्त्यात भेटले. आई बरोबर होती. त्यांनी गाडी थांबवून विचारले, "काय आजी, हल्ली कोण ओढतं?"

"चिमणी ओढते," आई म्हणाली. मग माझ्या शर्टाच्या बाहीवरच्या काळ्या डागाकडे बघून म्हणाली, "आणि पहिल्या रविवारी हा."